डेथ मार्चवरची एक दुपार

ओडोलनची मुलगी आजारी आहे. तिला स्वच्छ पाणी हवं आहे, आणि ते मिळेल अशी विहीर आहे हॉव्हेल नावाच्या उजाड वस्तीत. त्या विहिरीकडे कोणी फिरकत नाही. भर दुपारी तिथं एक बाई वावरते, आणि तिच्या तावडीत सापडलेला माणूस परत येत नाही. ओडोलननं व्हाइट ऑर्चर्ड या गावच्या फळ्यावर चिठ्ठी लावली आहे: ही पीडा दूर करील त्याला मोबदला मिळेल. ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ या गेममधलं हे अगदी सुरुवातीचं काम. मुख्य कथानकाशी त्याचा काही संबंध नाही, कोणी ते न करताच पुढे गेलं तरी बिघडत नाही. याहून भव्य, याहून गाजलेल्या लढती या गेममध्ये पुष्कळ आहेत. तरी अवघड पातळीवर लढण्यात कसली गोडी असते, हे कोणाला दाखवायचं झालं तर मी त्याला या विहिरीपाशीच नेईन.

वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओनं हा गेम मे २०१५मध्ये आणला. दिग्दर्शक होते कोन्राड टोमाशकेविच. मूळ पात्रं आणि जग आंद्जेय साप्कोव्स्की या पोलिश लेखकाचं. नायक गेराल्ट हा विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस-पिशाच्चांचा बंदोबस्त करणारा व्यावसायिक. पाठीवर दोन तलवारी: पोलादी माणसांसाठी आणि जनावरांसाठी, चांदीची राक्षस-पिशाच्चांसाठी. गेम सुरू करताना चार पातळ्यांपैकी एक निवडायची असते. सर्वांत सोपी फक्त कथा अनुभवणाऱ्यांसाठी आहे आणि सर्वांत अवघड पातळीचं नाव आहे ‘डेथ मार्च’.

या पातळीवर शत्रूचे घाव फार खोल जातात, हे तर उघडच आहे. मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा, गाजावाजा न करता केलेला बदल. सोप्या पातळ्यांवर गेराल्ट मांडी घालून ध्यानाला बसला की जखमा भरून येतात. वरच्या दोन पातळ्यांवर त्या भरत नाहीत. ध्यान संपतं, सूर्य कलतो, आणि तुमची हेल्थची पट्टी होती तिथंच असते. रानकुत्र्यांच्या टोळीशी सकाळी झालेली झटापट दुपारच्या लढतीत तुमच्याबरोबर येते. एवढ्या एका नियमानं पूर्ण गेमची चाल पालटते.

साप्कोव्स्कींची पहिली विचर-कथा १९८६ साली ‘फँटास्टिका’ या पोलिश मासिकात छापून आली. राजा फोल्टेस्टची मुलगी शापामुळे स्ट्रिगा नावाची राक्षसीण झालेली असते, आणि शाप उतरवायचा तर कोंबडा आरवेपर्यंत तिला तिच्या शवपेटीत परत जाऊ द्यायचं नसतं. झुंज जोरदार आहे. पण कथेचा मोठा भाग त्या रात्रीच्या आधीच घडतो: राजाशी बोलणी, लोकांकडे चौकशी, जिवंत सुटलेल्या माणसाची साक्ष, मग काढे पिऊन वाट पाहणं. गेराल्ट जिंकतो तो ताकदीवर कमी आणि माहितीवर जास्त. शेवटी तो स्वतःच त्या शवपेटीत शिरून झाकण ओढून घेतो, यापेक्षा सुंदर डाव मला आठवत नाही. गेमच्या सोप्या पातळ्यांवरही गेराल्ट हाच आहे असं पात्रं आपल्याला सांगत राहतात. पण तिथं आपले हात काही वेगळंच करत असतात. एकच बटण दाबत राहिलं तरी समोरचं पिशाच्च कोसळतं. डेथ मार्चवर मात्र पुस्तकातला गेराल्ट आणि कंट्रोलर धरलेले हात यांची गाठ पडते. अवघड पातळीचं माझ्या लेखी हेच मोल आहे. ती पुरुषार्थाची परीक्षा म्हणून खेळणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही.

आता विहिरीकडे. हॉव्हेलमध्ये जळकी, मोडकी घरं आहेत. एका ठिकाणी एक रोजनिशी सापडते आणि त्यावरून कळतं की मेलेल्या बाईचं नाव क्लेअर. विहिरीत वाकून पाहिलं तर दोराला तिचं कलेवर लटकलेलं दिसतं. तिची बांगडी विहिरीच्या तळाशी पडलेली असते. ती आणायला पाण्यात उडी मारावी लागते. कलेवर आणि बांगडी दोन्ही एकत्र जाळली तरच तिचं या जागेशी असलेलं नातं तुटतं. तोपर्यंत तिला कायमचं संपवता येत नाही.

गेराल्टजवळ राक्षसांची एक पोथी असते, तिला बेस्टियरी म्हणतात. तिच्यात ‘नूनरेथ’, म्हणजे मध्यान्हीच्या पिशाच्चाचं पान आहे. तिथं लिहिलं आहे की लग्न तोंडावर असताना हिंसक मृत्यू आलेल्या तरुण मुली अशा होतात. त्याच पानावर तिच्यावर काय चालतं तेही दिलं आहे: भुतांवरचं तेल, यर्डेन हे जादूचं चिन्ह, आणि मून डस्ट नावाचा बाँब. तिचं दुःख आणि तिचं वर्म, दोन्ही एकाच पानावर. सोप्या पातळीवर हे पान कोणी उघडतही नाही. डेथ मार्चवर ते वाचल्याशिवाय निभाव लागत नाही, आणि वर्म शोधायला गेलेला खेळाडू वाटेत तिचं दुःखही वाचतो. मजकूर वाचायला लावण्याची इतकी नेमकी युक्ती मी कादंबरीत फार कमी वेळा पाहिली आहे.

हे पिशाच्च गेमवाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नाही. पोलिश लोकांची ‘पोउद्नित्सा’, चेकांची ‘पोलेद्नित्से’: उन्हाच्या तडाख्यात शेतावर काम करत राहणाऱ्यांना गाठणारी बाई. चेक कवी एर्बेननं तिच्यावर कथाकाव्य रचलं, आणि त्यावरून ड्वोर्झाकनं १८९६ साली वाद्यवृंदासाठी संगीतरचना केली. त्या भागातल्या कष्टकऱ्यांनी उष्माघाताला दिलेला हा चेहरा असावा, असं अभ्यासक सांगतात. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. बारा वाजता विहिरीवर जाऊ नकोस, हे कोकणातल्या कितीतरी आज्यांनी नातवंडांना बजावलं आहे.

तेल करायला अरेनेरिया नावाची वनस्पती आणि अस्वलाची चरबी लागते. वनस्पती रानात मिळते, चरबी बहुधा विकत घ्यावी लागते, आणि या टप्प्यावर खिशात पैसे नसतात. मून डस्ट तर अजून आवाक्याबाहेरच असतो. म्हणजे हाताशी आहे एक तेल, एक चिन्ह आणि स्वॅलो नावाचा काढा. हा काढा जखम भरून आणतो, पण हळूहळू. प्यायल्यावर काही काळ जगून दाखवावं लागतं. ऐन घाव बसल्यावर प्यायचं हे औषध नव्हे. घाव बसणार हे ओळखून आधीच प्यायचं.

ती प्रकट होते. कातडी वाळून हाडांना चिकटलेली, जबडा सैल, जीभ बाहेर लोंबणारी, अंगावर चिंध्या झालेला झगा. आरपार दिसणारी. तेल लावलेली तलवार चालवली तरी तिची पट्टी जेमतेम ढळते, कारण ती अजून देहात आलेली नसते. तिला देहात आणतं ते यर्डेन. जमिनीवर जांभळ्या खुणांचं एक लहानसं वर्तुळ उमटतं, ती त्यात शिरली की मंदावते आणि घट्ट होते, आणि मग तलवार खरोखर लागते. पण वर्तुळ टिकतं थोडाच वेळ. शिवाय सुरुवातीच्या गेराल्टचा स्टॅमिना एका वेळी एकाच चिन्हाला पुरतो. क्वेन टाकलं तर अंगाभोवती कवच येतं, तिचा एक फटका फुकट जातो. पण यर्डेनसाठी स्टॅमिनाची पट्टी पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. यर्डेन टाकलं तर ती हाती लागते, पण तुम्ही उघडे पडता. कवच की सापळा? तिचे मोजके फटके तुम्हाला आडवं करायला पुरेसे असतात, म्हणून या प्रश्नाला वजन आहे. सोप्या पातळीवर हीच दोन चिन्हं असतात, प्रश्न मात्र उरत नाही.

मला पटलेला क्रम असा: तिच्यापासून लांब असताना क्वेन टाकायचं, तिच्याभोवती रुंद वळसा घेत चालत राहायचं, पट्टी भरली की स्वतःच्या पायाशीच यर्डेन टाकायचं आणि तिला येऊ द्यायचं. पळापळ नाही, पाठलाग नाही. ती वर्तुळात आली, तिनं पंजा मारला, तो चुकवला, दोन वार केले, बाजूला झालो. तिसरा वार करायचा नाही. तिची पट्टी थोडीच उरलेली असते, ती मंद झालेली असते, वर्तुळ अजून विझलेलं नसतं. सगळं तुम्हाला तिसरा वार करायला सांगत असतं. डेथ मार्चवर मरणारे बहुतेक त्या तिसऱ्या वारानं मरतात.

चुकवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या गेमच्या लढाईचं खरं सौंदर्य पायांत आहे. चुकवण्याच्या दोन तऱ्हा आहेत, दोन वेगळी बटणं. डॉज म्हणजे एक छोटी बगल: गेराल्ट गिरकी घेऊन वाराच्या रेषेतून बाजूला होतो, पण तलवारीच्या टप्प्यातच राहतो. रोल म्हणजे कोलांटी: लांब जातो, सुरक्षित होतो, आणि उलटा वार करण्याची संधी गमावतो. नवखा माणूस घाबरला की कोलांटी मारतो. कोलांटीनं जीव वाचतो, पण यर्डेनच्या वर्तुळाबाहेर गेलेल्या गेराल्टला पुन्हा जवळ यावं लागतं आणि तोवर वर्तुळ विझतं. जवळ राहूनच सुरक्षित राहायचं, हे अंगात मुरायला वेळ लागतो. तसंच तलवारीचंही. गेराल्ट कोणता वार करील हे समोरच्याच्या अंतरावर ठरतं. लांबून बटण दाबलं तर तो मोठी गिरकी घेत पुढे झेपावतो, दिसायला देखणा, पण त्या गिरकीत त्याची पाठ उघडी पडते. जवळून दाबलं तर आखूड, चटकन होणारा घाव. सोप्या पातळीवर त्या गिरक्या शोभेच्या आहेत. इथं अंतर डोळ्यांनी मोजून मगच बोट हलवावं लागतं. साप्कोव्स्कींच्या गद्यात अर्धगिरक्या आणि पिरुएट यांची जी बारीक वर्णनं येतात, ती वाचताना मला पूर्वी केवळ नक्षी वाटायची. ही लढत खेळल्यावर ती सूचनांसारखी वाचली जातात.

ती मध्येच धूळ उधळते, पडदा भरून जातो, आणि दोन क्षण फक्त आवाजावर खेळावं लागतं. अदृश्य होऊन पाठीमागे उमटते. या सगळ्याचा सराव होतो. लढतीची खरी कळ पुढे आहे. तिची पट्टी बरीच खाली आली की ती एकाएकी नाहीशी होते आणि तिच्या जागी तिच्यासारख्याच तिघी गेराल्टभोवती फेर धरतात. त्या झडप घालत नाहीत. त्या त्याचं बळ शोषून घेतात आणि तिची घसरलेली पट्टी वर चढवतात. आतापर्यंत लढतीनं तुम्हाला धीर शिकवलेला असतो: थांबा, येऊ द्या, दोनच वार करा, मागे व्हा. त्या शिकवणीप्रमाणे तुम्ही इथं उसंत घ्यायला गेलात तर मेलात. आता धीर हाच घातक. तिघींवर धावून जायचं, प्रत्येकीला एकेक फटका, त्या धुरासारख्या विरतात आणि ती पुन्हा उघडी पडते. एक धडा आधी पक्का करून घ्यायचा आणि तो पक्का झाला म्हणताना उलटा फिरवायचा, ही रचना करणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. सोप्या पातळीवर तिघींचा हा फेर कित्येकांच्या लक्षातही राहत नाही, कारण त्यांची लढत तोवर जवळजवळ संपलेली असते.

लढत लांबते म्हणून संगीतही पूर्ण कानी पडतं. मार्चिन प्शिबिवोविच आणि मिकोवाय स्त्रोइन्स्की यांनी पर्सिव्हल या पोलिश लोकसंगीत-मंडळीबरोबर ते घडवलं. लढाई पेटली की तंतुवाद्यं करकरू लागतात आणि बायकांचे उघड्या गळ्याचे, रानातून हाळी घातल्यासारखे स्वर चढत जातात. दहा सेकंदांत आटोपणाऱ्या लढतीत हे केवळ पार्श्वसंगीत असतं. इथं त्या स्वरांचा श्वास आणि तुमचा श्वास एकमेकांत मिसळून जातो.

ती संपल्यावर ओडोलनकडून पैसे घ्यायचे. आधी घासाघीस केली असेल तर थोडे जास्त. त्या पैशांतून पुढची चरबी, पुढचा काढा, आणि भाकरी. होय, खाणं. ध्यानानं जखमा भरत नसल्यामुळे डेथ मार्चवर पाव, भाजलेली कोंबडी, पाण्याची बाटली याच गोष्टी औषध होतात. आणि हा देश युद्धानं धुऊन निघालेला आहे. पुढे लागणाऱ्या व्हेलेन प्रांताच्या खेड्यांत माणसं उपाशी आहेत, झाडांना प्रेतं टांगलेली आहेत. तुम्ही रक्तबंबाळ होऊन एखाद्या झोपडीत शिरता आणि फडताळात पाव आहे का ते शोधता. सोप्या पातळीवर मी त्या फडताळांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. व्हेलेनची भूक मला कळली ती तिथल्या माणसांच्या संवादांमधून थोडी आणि त्या पावातून जास्त.

टोळ्यांच्या लढती हा निराळा प्रकार, आणि सुरुवातीच्या तासांत खरी भीती त्यांचीच. एकटा मोठा राक्षस परवडला. पाच-सहा रानकुत्री भोवती पसरली की ज्याच्याकडे पाठ होते तो चावतो. सगळ्यांना सतत एका बाजूला ठेवत मागे सरकायचं, आर्ड या चिन्हाच्या धक्क्यानं एखाद्याला पाडायचं आणि तो उठायच्या आत संपवायचा, कारण खाली पडलेल्याला एकाच घावात मारता येतं. पाणथळीतल्या ड्राऊनरांवर इग्नीची आग चालते. घाव खाऊन चवताळलेल्या अल्घूलच्या अंगावर काटे उभे राहतात, तेव्हा त्याच्यावर तलवार चालवणं म्हणजे स्वतःलाच जखम करून घेणं. अ‍ॅक्सी टाकलं की काटे मिटतात. पाचही चिन्हांना अशी कामं आहेत. ती कामं मुद्दाम शोधायला लावणारी पातळी हीच.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. एक कौशल्य असं आहे की ते घेतलं तर एकदा काही खाल्ल्यावर वीस मिनिटं जखमा भरत राहतात. ते घेतल्यावर मी वर ज्या भुकेबद्दल लिहिलं ती जवळपास संपते, म्हणून माझा सल्ला आहे की घेऊ नये. दुसरा दोष अधिक मूलभूत: या गेमची चढण उलटी आहे. सर्वांत अवघड भाग सुरुवातीचा. गेराल्ट जसा कौशल्यं, चिलखतं, तीव्र काढे जमवत जातो तशी डेथ मार्च सैल पडत जाते, आणि उत्तरार्धात तर ज्यांच्यापुढे थरथर कापावं असे शत्रू सहज आडवे होतात. स्वतःच्या बळाचा आनंद मिळतो हे खरं. पण ज्या जगानं भाकरी शोधायला लावली, त्यानं एवढं उदार व्हायला नको होतं.

स्टुडिओलाही हे जाणवलं असावं, असं या गेमच्या पुढच्या विस्तार-भागांवरून वाटतं. ऑक्टोबर २०१५मध्ये आलेल्या ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मध्ये ऑक्सनफर्ट शहराच्या गटारांतला बेडूक-राजपुत्र विषाचे लोट सोडतो, आणि ज्यानं गोल्डन ओरिओल हा काढा आधी पोटात घेतला असेल त्यालाच तिथं उभं राहता येतं. त्याहून सरस आहे फॉन एव्हरेकांच्या वाड्यातला केअरटेकर. चेहरा नसलेला, हातात फावडं, बागेत खोदत बसलेला. त्याचा प्रत्येक घाव तुम्हाला लागला की त्याची स्वतःची जखम भरते. म्हणजे ‘तू एक मार, मी एक मारतो’ हा हिशेब, ज्यावर उत्तरार्धातला बलदंड गेराल्ट खुशाल जगत असतो, तो इथं कामाला येत नाही. तुम्ही त्याला कितीही वेगानं कापा, दोनदा चुकलात की तो पुन्हा धडधाकट. पायांकडे परत जावं लागतं: बगल, अंतर, दोन वार, बाजू. मे २०१६मधल्या ‘ब्लड अँड वाइन’मध्ये टूसाँचा प्रदेश नितांत सुंदर आहे आणि डेटलाफ या शत्रूशी होणारी शेवटची गाठ कठीण आहे, पण त्या भागात गेराल्टला नवी सामर्थ्यंही इतकी मिळतात की तराजू पुन्हा त्याच्याकडे झुकतो. केअरटेकरची सर मला तिथं कशालाच दिसली नाही.

पातळी मधेच कधीही बदलता येते, मेनूत जाऊन दोन बटणं दाबली की झालं. ज्यांनी हा गेम एकदा सोप्या पातळीवर पुरा केला आहे, त्यांनी सगळा पुन्हा खेळायची गरज नाही. व्हाइट ऑर्चर्ड आणि व्हेलेनचा पहिला भाग तेवढा डेथ मार्चवर खेळावा, आणि ओडोलनची चिठ्ठी घेताना अस्वलाची चरबी आधीच विकत घेऊन ठेवावी.